डॉक्टर अनंताची हिरवी पेटी

धसईच्या बाजारात अनंता पष्टेचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, पण तिथे जाणारा माणूस "दुकानात जातो" असं कधी म्हणत नसे. "डॉक्टरकडं जाऊन येतो," म्हणे.

शेतकरी टोपीत नाहीतर रुमालात गुंडाळून भाताचं आजारी रोप आणायचा आणि काउंटरवर आडवं ठेवायचा. अनंता कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, पान उजेडात धरायचा, उलटं करायचा, आणि मग थांबायचा. त्या थांबण्यातच त्याची सगळी कला होती. भल्याभल्या नटांना असं थांबता येत नाही. मागच्या रांगेतली कुजबुज बंद झाली, की डॉक्टर अगदी हळू विचारायचा, "युरिया किती टाकलास?"

"जरासाच."

"जरासा म्हणजे किती गोणी?"

इथे रोपाचा मालक जमिनीकडे बघायचा आणि अनंता आपलं ठेवणीतलं वाक्य बाहेर काढायचा. "अरे, रोपाला जेवाण दे. जेवणावळ घालू नको!"

दुकानामागेच घर. भाकऱ्या थापताना त्याची बायको हौसा हे वाक्य वीस वर्षं ऐकत आली होती. इतकी की थांबण्याची वेळ आली की तिचाही हात परातीत थांबायचा.

फक्त एका माणसावर या वाक्याचा परिणाम होत नव्हता. तो म्हणजे चांगो. डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीतला साठीपुढचा गडी. त्याने हो म्हटलं की सगळी वाडी हो म्हणायची. आदल्या वर्षी त्याने आणि वाडीने युरिया भरभरून ओतला होता. भात काळंभोर हिरवं माजलं, मग करपा रोगाने धरलं आणि उरलेलं आडवं झोपलं. अनंताने आधीच बजावलं होतं. पण "कमी घे" म्हणणारा दुकानदार चांगोने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे यात काहीतरी डाव असणार, अशी त्याची खात्री होती. ते झोपलेलं भात अनंताने स्वतः बांधावर उभं राहून पाहिलं होतं आणि त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता. या वर्षी काही करून चांगोला ऐकायला लावायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

अशात २००२ सालच्या संक्रांतीला ती काचेची पेटी आली.

मुरबाडच्या एका कारखान्यातल्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या बंगल्यातला आंबा अनंताने एकदा किडीतून वाचवला होता. जाताना साहेबांनी आपली माशांची पेटी त्याला देऊन टाकली. चार फूट लांब, तळाला माती आणि वाळू, त्यात रिबिनीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती, वर ट्यूबलाइटचं झाकण आणि आत सात गप्पी मासे, शेपट्या नऊवारीच्या पदरासारख्या. जीपमधून ती पेटी उतरली तेव्हा अर्धा बाजार जमला होता.

अनंताने ती दुकानाच्या तोंडाशीच मांडली, जिथे सकाळचं ऊन थेट पडायचं. शिवाय ट्यूब सकाळी सातला लागायची ती रात्री दुकान बंद होईपर्यंत. रंगमंच सजवल्यावर दिवे मालवून ठेवायचे का?

महिनाभर प्रयोग हाऊसफुल्ल चालला. बायका खुरपं घ्यायला येऊन माशांपुढे तासभर बसायच्या. मग मागच्या काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. मग पानांवर केसांसारखं शेवाळ लोंबायला लागलं. होळीपर्यंत पाणीच हिरवं झालं आणि मासे दिसेनासे झाले. मधूनच एखादी शेपटी काचेपाशी येई आणि पडद्यामागे गेल्यासारखी नाहीशी होई.

अनंताने काचा घासल्या. सगळंच्या सगळं पाणी बदललं. चार दिवसांत पुन्हा हिरवं. ते उपसलेलं पाणी हौसा मागच्या मोरीपाशी अळवाला घालायची.

अक्षय्य तृतीयेच्या पंधरा दिवस आधी चांगो आला. पेटीपुढे उकिडवा बसला आणि त्याने डॉक्टरपेक्षाही मोठा विराम घेतला.

"अनंता, मासं पालल्यात का भाजीचा कालवण केलाय?"

दुकानात हशा पिकला.

"पाणी साफ होईल रे, चांगोदादा. उपाय चाललाय."

"चार काड्या नि सात मासं. तेवढा तुला सांभालवत नाय, नि आमच्या चार एकरांना शानपन शिकवतोस?" चांगो उठला, गुडघे झटकले. "असा करू. मिरगाच्या आधीचा शेवटचा बाजार. त्या दिशी तुझी पेटी साफ दिसली तर तू सांगशील तेवढाच युरिया घेऊ, अख्खी वाडी. नायतर आमी आमच्या मनाचे राजे."

"कबूल," अनंता म्हणाला.

त्या दुपारी त्याने मोरचुदाचा डबा फडताळातून काढला. मोरचूद घातला की शेवाळ मरतं, हे त्याला पाठ होतं. निळा खडा चिमटीत धरून तो पेटीवर वाकला, तोच मागून आवाज आला.

"अवो, नि मासं?"

अनंता थबकला.

"शेवाल मरल, मासंपन मरतील," हौसा म्हणाली. "चांगोदादाला काय दाखवाल, साफ पान्यात मढी?"

खडा डब्यात गेला.

पुढच्याच आठवड्यात बाजारातली डीपी जळाली. चार दिवस लाइट नाही. त्या काळोखात पेटी आणखीच भयाण दिसू लागली, म्हणून अनंताने लाजेखातर तिच्यावर गोणपाट टाकलं, मेलेल्यावर टाकावं तसं. सकाळ-संध्याकाळ हौसा गोणपाटाचं एक टोक उचलून तांब्याने पाणी ढवळायची. "जीव हायत आत," म्हणायची.

पाचव्या दिवशी लाइट आला. अनंताने छातीवर दगड ठेवून गोणपाट ओढलं.

पाणी विहिरीसारखं नितळ होतं!

अनंता अक्षरशः नाचला. पन्नाशीतला, धोतरातला, दोन मणांचा माणूस, काउंटरभोवती एक फेरी. मग त्याने ट्यूब लावली आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून गल्ल्याच्या खालच्या खणातून एक छोटी पुडी काढली.

आठच दिवसांत पेटी पुन्हा हिरवीगार. शिवाय एक गप्पी पोट वर करून तरंगला. उरले सहा. शेवटच्या बाजाराला अठरा दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी हौसा मागच्या दारातून आत आली. तिच्या हातात अळवाचं एक पान होतं. पान कसलं, पावसात दोघांनी डोक्यावर धरावं एवढं. तिने ते काउंटरवर आडवं ठेवलं, नवऱ्याचा चष्मा त्याच्या कपाळावरून काढून आपल्या नाकावर लावला, पान उजेडात धरलं, उलटं केलं. आणि थांबली.

अनंताने काउंटरवरचा तराजू उगाच पुसायला घेतला.

"युरिया किती टाकलात?" तिने हळू विचारलं.

"कशात?"

"मी मोरीवरच्या अळवाला वीस वरसं पानी घालते. हाताच्या पंजाएवढा पान येतो. ह्या पेटीचा पानी घातला नि अळू माडाला टेकायला निघाला. किती टाकलात?"

वीस वर्षं सगळ्या शेतकऱ्यांनी जिथे पाहिलं होतं, त्याच जमिनीकडे डॉक्टरने पाहिलं.

"जरासाच," तो म्हणाला.

"जरासा म्हंजे?"

"रोज चिमूटभर. झाडं पिवली वाटत होती गो. वाटला, जोम धरतील..."

हौसाने चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

"ते जेवणावळीचा वाक्य तुमी म्हनता का मी म्हनू?"

"मीच म्हणतो," अनंता म्हणाला, पण ते वाक्य काही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून हौसाचं राज्य सुरू झालं. पुडी गेली. पेटी उन्हातून उचलून आतल्या भिंतीला लागली. ट्यूब रोज सहा तास, जास्त नाही; चार दिवसांच्या काळोखात शेवाळ मेलं होतं, ते ती विसरली नव्हती. माशांना दाणे एकदाच, लगेच संपतील इतके. पाणी सगळं उपसायचं नाही, दोन दिवसांनी चौथाई बदलायचं. काचेवरचं शेवाळ तिने जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसलं, पानांवरचं काडीला गुंडाळून काढलं. मग ती रिकाम्या वाळूकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघा, ओसाड जमीन. भाताची आवणी इरल केली का गवत माजतो. दाट केली का गवताला जागाच ऱ्हात नाय. येवढा शेतातला कलतो तुमाला, नि पेटीतला नाय?"

ती स्वतः नदीच्या डोहावर गेली आणि हिरवं, नाजूक पाणगवत ओटीत घालून घेऊन आली. कोपरापर्यंत हात पेटीत बुडवून, ओठात गाणं गुणगुणत, तिने एकेक काडी वाळूत खोचत ओळीने आवणी केली. शेतात करतात तशीच, फक्त पाय बाहेर.

पाणगवताने जीव धरला. त्याने पाण्यातलं उरलंसुरलं खत ओढून घेतलं आणि शेवाळाला उपास पडला. हिरवा पडदा रोज थोडा थोडा वर जाऊ लागला.

शेवटच्या बाजाराच्या दिवशी चांगो वाडीतल्या पंधरा-वीस जणांना घेऊन आला. पाणी असं स्वच्छ होतं की पेटी रिकामी वाटावी. पाणगवतातून सहा गप्पी मिरवत होते. मागच्या एका दगडावर हिरवा डाग उरला होता, तेवढाच.

चांगोने नाक काचेला लावलं. मोजले.

"सात व्हते."

"सहा हायत," अनंता म्हणाला.

"पन पानी साफ हाय. हरलो मी." चांगो वळला. "आता सांग, औषध कंचा घातलास?"

"मलापन दे एक बाटली," मागून कोणी म्हणालं. "मला दोन. भातातलं गवत मरल ना त्यानं?" पाच-सहा हात पुढे आले.

अनंताने पैज जिंकली होती. गप्प राहिला असता तर भागत होतं. आतल्या दारात हौसा उभी होती, हातात परात. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो थांबला. पण हे थांबणं नेहमीचं नव्हतं, यात त्याला खरंच पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

"औषध नाय," तो म्हणाला. "मी त्यात युरिया टाकत व्हतो."

"काय?"

"युरिया. रोज. तुमाला नको सांगत व्हतो नि सोता माशांना घालत व्हतो. त्यानंच पानी हिरवा झाला. सातवा मासा त्यानंच गेला. हिनं बंद करवला, तवा साफ झाला."

चांगोच्या छातीतून एक घरघर सुरू झाली, ती गळ्याशी आली आणि हसू होऊन फुटली. तो इतका हसला की खोकला लागला आणि दोघांनी त्याची पाठ चोळली. सगळं दुकान हसत होतं. अनंताही हसला, डोळे पुसत.

"म्हंजे," चांगो दम घेत म्हणाला, "आमी भाताचा केला, ता तू माशांचा केलास."

"तेच केला."

"मंग तुला ठावं हाय." चांगोचा आवाज एकदम साधा झाला. "आदी वाटायचा, हा नुसता पुस्तकातला बोलतो." त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला. "एकरी किती घेऊ, सांग. नि अर्धी गोण शिल्लक ऱ्हायली तर माशांना घाल!"

त्या वर्षी दसऱ्याला चांगो दुकानात आला. हातात भाताच्या भरल्या लोंब्यांची जुडी, झेंडूच्या फुलांत बांधलेली. दारावरच्या तोरणासाठी असेल म्हणून अनंताने हात पुढे केला. चांगोने तो बाजूला सारला आणि जुडी पेटीच्या झाकणाला बांधली.

"भात कसा हाय, चांगोदादा?" अनंताने विचारलं.

"उभा हाय," चांगो म्हणाला, आणि पेटीकडे वाकून मोजू लागला. पिल्लं झाली होती, मोजदाद लागेना. "हौसा, गो! ह्यांना कोन जेवाय घालतो आता?"

"मीच," आतून आवाज आला. "डॉक्टरांना पेटीजवल येवाला बंदी हाय."