बिनछन्नीचा नट

मोताळ्यात बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की एकाच पत्र्याखाली दोन दुकानं लागतात. एकात सईद मिस्त्री मोटरसायकली दुरुस्त करतो, दुसऱ्यात त्याची बायको गुलनार कोळशाच्या इस्त्रीनं लोकांचे कपडे सरळ करते. मधे भिंत नाही, एक चादर टांगलेली आहे. सईदच्या बाजूनं ती काळी आहे आणि गुलनारच्या बाजूनं अजून पांढरी. संसार कसा चालला असं कोणी विचारलं तर गुलनार त्या चादरीकडे बोट दाखवते.

सईदचा एकच नियम. कोणाच्याही नटाला छन्नी लावायची नाही. छन्नीच्या घावानं नट फुटतो आणि निघतोही, पण आतल्या शाफ्टचे आटे कधी कधी कायमचे दुखावतात. "छन्नी उचलली म्हणजे नट जिंकला," असं त्याचा उस्ताद म्हणायचा. उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली. धंद्याच्या अडतीस वर्षांत सईदनं छन्नी उचलली ती फक्त चुलीसाठी लाकूड फोडायला.

पण दोन वर्षांपूर्वी तो ओल्या पायरीवरून घसरला आणि उजवा खांदा अधू झाला. जोर लावला की बोटांपर्यंत मुंग्या येतात. यंदा तीन गाड्या त्यानं हात जोडून दुसरीकडे पाठवल्या. तिन्हींचे नट गच्च बसलेले. तिसरी गेली त्या संध्याकाळी तो गुलनारला म्हणाला, "आता चौथी परत गेली, त शुक्रवारी शटर खाली. मंग मी उघडत नाई." गुलनार एका शर्टावर पाणी शिंपडत होती. तिचा हात तसाच राहिला. शर्टाची एकच बाही ओली झाली.

चौथी गाडी बुधवारी आली. पुंजाजीची जुनी राजदूत. पुंजाजी रोहिणखेडचा, विहिरींवर मोटरी बसवणारा माणूस. इंजिनाजवळच्या छोट्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या चाकाचे, दात झिजून वाकडे झाले होते, चेन उड्या मारत होती. स्प्रॉकेट बदलायचं तर त्याच्या मधोमध बसलेला एक नट काढायचा. एवढंच काम.

बुधवार त्या एका नटात गेला. सईदनं त्याला डिझेल पाजलं, ऑइल पाजलं, पान्याला तीन फुटी पाइप लावून त्यावर सगळं वजन टाकलं. पाइप वाकला. नट होता तिथेच होता. संध्याकाळी सईद त्याच्यासमोर नुसता बसून राहिला. एवढीशी लोखंडाची सहा कोनांची वस्तू, आणि तिच्यात आपलं उरलेलं सगळं आयुष्य अडकलेलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेली माणसं पिशव्या घेऊन पत्र्याखाली जमली. समोरच्या नव्या गॅरेजचा हर्षलही हात पुसत आला.

"चाचा, परवा ही गाडी माह्याकडेच आलती. तीनदा हवेची गन मारली, हालला नाई," तो म्हणाला. "आता मारा छन्नी न व्हा मोकळे. कायले खांदा तोडून घेता?"

"तुह्या गनीत हवा हाये बे. म्या अक्कल शोधून राह्यलो," सईद म्हणाला. लोक हसले. पण त्याला स्वतःला हसू आलं नाही, कारण छन्नी टेबलाखालच्या डब्यात होती आणि सकाळपासून दोनदा त्याची नजर तिकडे गेली होती.

त्यानं पाना खाली ठेवला. खिशातली सुई काढली आणि नट अन् शाफ्टच्या मधल्या फटीत कोरू लागला. सुईच्या टोकाला पांढरी भुकटी आली, आणि तिच्यात एक बारीक धागा. सईदनं ती बोटांवर चोळली, नाकाशी नेली. हा वास त्याच्या धंद्यातला नव्हता. जवसाच्या तेलाचा होता.

त्यानं मान वर केली. गाडीशेजारी उभा असलेला पुंजाजी आपल्या चपलेकडे पाहू लागला.

"पुंजाजी, काय लावलं याले?"

"काई नाई."

"खरं सांग गड्या. इथं माहं दुकान पणाले लागलं."

"आता... नट सारखा ढिला होये," पुंजाजी हळूच बोलला. "मंग म्या घरीच सूत गुंडाळलं न सफेदा लावून कसला. विहिरीतल्या पाइपाले लावतो तसाच." मग लोक हसायला लागले तेव्हा तो उसळला, "हसता काऊन? चौदा वर्षं झाली. आपला पाइप आजवर कोण्या विहिरीत सुटला नाई!"

"अन् हा नटही नाई सुटला," सईद म्हणाला. आता मात्र तोही हसला. कालपासून तो ज्याच्याशी झगडत होता तो गंज नव्हताच. तो वाळून दगड झालेला रंग होता. आणि रंगाला जोर नाही, धग लागते. पण गॅसची ज्योत लावली तर जवळचं रबरी सील जळणार.

तेवढ्यात चादरीपलीकडून इस्त्री टेकल्याचा आवाज आला. ठप्प. मग शांतता. चिवट सुरकुतीवर गुलनार कधी इस्त्री घासत नाही, टेकवते आणि धग मुरेपर्यंत थांबते. सईद कान देऊन ऐकत राहिला.

"गुलनार, कोळसे दे."

"किती?"

"सगळे."

उस्तादानं दिलेली जाड गोटी, पान्याला लावायची, नटावर टोपीसारखी बसणारी, त्यानं निखाऱ्यांत पुरली. गुलनारनं पंख्यानं वारा घातला. "मिस्त्री, ही गोटी पुन्हा कामाची राहणार नाई," ती हळूच म्हणाली. "राहू दे," तो म्हणाला. लोखंड तापून लाल झालं की त्याचा कडकपणा जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सीलभोवती ओलं फडकं गुंडाळून त्यानं लाल गोटी चिमट्यानं नटावर बसवली आणि थांबला. नुसता थांबला. गोटी काळी पडली, पुन्हा निखाऱ्यांत गेली. असं तीनदा. तिसऱ्या वेळी फटीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि जवसाच्या तेलाचा जळका वास पसरला.

सईदनं दुसरा पाना चढवला, चाक फिरू नये म्हणून ते दुकानापुढच्या कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवलं, पुंजाजीला ब्रेकवर उभं केलं. मग डाव्या हातानं नट आधी आणखी घट्ट केला.

"चाचा! उलटं काऊन फिरवून राह्यले?" हर्षल ओरडला.

"झोपलेल्याले ओढू नये बे. आधी हालवावं."

कट्. इतका बारीक आवाज की बाजाराच्या गलक्यात तो पाच माणसांनाच ऐकू आला असेल. सईदनं पाना फिरवला, या वेळी सोडायच्या दिशेनं, अधू खांद्यानं, आणि नट फिरला. पाव फेरा. अर्धा. पुढचं त्यानं फडकं धरून बोटांनीच केलं. पुंजाजी ब्रेकवरून उडी मारून नाचला, कोणीतरी पिशवीतला पेरू सईदच्या हातात कोंबला, आणि हर्षल वाकून शाफ्टचे आटे पाहत राहिला. एकावरही ओरखडा नव्हता.

"चाचा," तो उठत म्हणाला, "माह्याकडं एक गाडी हाये. तिचा नट पाहून देता का उद्या?"

"उद्या शुक्रवार हाये," चादर बाजूला करून गुलनारनं आठवण करून दिली. तिचे कोळसे विझले होते, दहा शर्ट बाकी होते. "शटरचं काय करायचं मिस्त्री?"

सईद गरम नट या तळव्यातून त्या तळव्यात उडवत होता.

"तेल पाज त्याले," तो म्हणाला. "सकाळी वर करायले लई जड जाते."