बाळारामचं फिट सर्टिफिकेट

"दर आठवड्याला सही आणा, नाहीतर माणूस घरी." मॅनेजर साहेब माझ्याकडे बघून बोलत होते. माणूस म्हणजे बाळाराम. तो माझ्या मागे मान खाली घालून उभा.

मी तेव्हा रोह्याला एका केमिकल कंपनीच्या दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारी, पट्ट्या बांधणारी. कोर्सबिर्स काही केला नव्हता हो. पेणला एका डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकले. पण पांढरी साडी बघून सगळे सिस्टर म्हणायचे आणि मीही कधी नको म्हटलं नाही.

बाळाराम खांब गावचा, बॉयलरवर काम करायचा. कामाला हुशार. पण शिफ्टवर पिऊन आला आणि सापडला. बॉयलरचं प्रेशर चढताना समोरचा माणूस डुलत असेल तर सगळ्यांचंच मरण. त्याला सस्पेंड केलं. साहेबांनी कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं की दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंग असतात. सहा महिने तिथे जायचं आणि सही आणायची, अशी अट घातली. मीटिंग भरते कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आधी आमच्या डॉक्टरांनी बाळारामला आठवडाभर ॲडमिट ठेवलं. रोजची दारू एकदम तुटली की अंगाला कापरं भरतं, भास होतात. ते घरी करायचं काम नाही.

तोवर मी मीटिंग शोधत होते. सरकारी दवाखान्यात विचारलं, पंचायतीत विचारलं, कोणाला पत्ता नाही. मग डोक्यात आलं, दारू कोणी सोडली हे सगळ्यांच्या आधी कळतं कोणाला? विकणाऱ्याला. सरळ देशी दारूच्या दुकानात गेले. मालक आधी घाबरला, मग कुरकुरला.

"तीन गिऱ्हाईकं तुटली माझी, बाई. मंगळवारी संध्याकाळी पेणला शाळेत बसतात. फुडं काय विचारू नका, जीव जळतो माझा."

मंगळवारी ड्युटी संपवून तशीच बाळारामला घेऊन एसटीने पेणला गेले. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर आठ-दहा बाप्ये गुडघे वर करून बसलेले. पांढरी साडी दारात दिसली आणि सगळे गप्प. त्यांना वाटलं सरकारी तपासणी आली. एक जण तर मागच्या दाराने चालता झाला. चूक माझीच. साडी बदलून यायला हवं होतं.

मीटिंग चालवणारा टेलर होता. त्याने बाळारामला आत बसवलं आणि मला व्हरांड्यात आणलं. मी सहीचा कागद पुढे केला.

"ताई, हितं नाव नाय, हजेरी नाय, सही नाय," तो म्हणाला. "म्हणून तर माणसं येतात. आज तुम्हाला सही दिली, उद्या सगळे साहेब रजिस्टर मागतील. मग कोण येल?"

त्याचं बोलणं मला पटलं, पण नोकरी जात होती बाळारामची. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, सही तिथली मिळणार नाही, माझी घ्या. कामावर घ्या त्याला. रोज शिफ्टच्या आधी तो दवाखान्यात येईल. मी तोंड हुंगीन, हात कापतो का बघीन, आणि फिट किंवा अनफिट लिहून सही करीन. अनफिट झाला तर बॉयलरला हात लावायचा नाही.

"अनफिट झाला तर आम्ही त्याला काढू," साहेब म्हणाले.

"काढा. पण मी खोटं लिहिणार नाही."

चार महिने रोज फिट. मंगळवार एकही चुकवला नाही त्याने, सेकंड शिफ्ट असली तर बदलून घ्यायचा. मग एका सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच तो पायरीवर बसलेला.

"सिस्टर, तोंड हुंगू नका. काल घेतली."

गावात राखण होती. शेताच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू देतात. देवाचा परसाद दारूत मोजत नाय, असं म्हणून त्याने घोटभर घेतला. घोटाचा पेला झाला.

"आजच्या दिवस फिट लिवता काय?" त्याने विचारलं. मग आपणच म्हणाला, "नाय, नको. बॉयलर हाय."

मी अनफिट लिहिलं. रजिस्टर घेऊन वर गेले. साहेबांनी पानं मागे-पुढे चाळली.

"हा स्वतः सांगायला आला?"

"हो साहेब," मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "मला वाटत होतं तुम्ही डोळे मिटून फिट लिहिता. आता बाकीच्या पानांवरही विश्वास बसला." दोन दिवस बिनपगारी आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. नोकरी राहिली.

त्याच मंगळवारी त्याने मीटिंगमध्ये परसादाची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही म्हणे. पुढच्या वर्षी राखणीला तो लिंबाचं सरबत घेऊन गेला. गावाने चिडवलं, देवाने काही तक्रार केली नाही. बॉयलरवरूनच रिटायर झाला आणि आता रोह्यातही मीटिंग भरते, ती तोच चालवतो. मी इतक्या जणांना मलमपट्टी केली, पण अभिमानाने सांगावी अशी केस हीच.

नोकरीत शिकले ते एवढंच: ज्या रजिस्टरात वाईट लिहायची सोय नाही, त्यातलं चांगलं कोणी खरं मानत नाही.