हातानं ब्राउझर बांधणाऱ्या मॅडम

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला आणि अक्षराला कुणी हसू नये. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच, आणि ही वहीसुद्धा मी पिठाच्या डब्यामागं ठेवते. तरी लिहायला बसले, कारण आमच्या वरच्या खोलीत राहिलेल्या मॅडमइतकी संशयी बाई अख्ख्या मुळशी तालुक्यात झाली नाही, आणि तितकी मायाळूही झाली नाही.

त्या अमरावतीकडच्या. नोकरी हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत, पण काम बहुतेक घरूनच. आमचं घर नेरे गावात, खाली शेळ्यांचा गोठा आणि वर भाड्याची खोली. आल्या दिवशी मॅडमनी दाराचं कुलूप सुटं करून त्याच्या आत काय आहे ते बघितलं, मगच लावलं. तयार तिखट त्यांना चालायचं नाही. मिरच्या स्वतः निवडायच्या आणि दळून होईपर्यंत गिरणीवाल्याच्या उरावर उभ्या राहायच्या. शेळीचं दूध घेताना धार काढायला समोर बसायच्या. एकदा मी लाजत लाजत म्हटलं, "मॅडम, मी पाणी न्हाई घालत." तर म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा आहे मावशी, दुधावर नाही." कॉम्प्युटरचंही तसंच. बाकीचे लोक बटण दाबून तयार प्रोग्राम घेतात. मॅडमच्या मशीनवर लिनक्स होतं, आणि प्रत्येक प्रोग्रामचा कच्चा माल आणून त्या तो घरीच बांधायच्या. बांधणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात, एवढं मला त्यांच्यामुळं कळलं. एकदा बांधणी सुरू झाली की ते जुनं मशीन दोन-दोन दिवस घरघरायचं, आणि मागनं अशी गरम हवा निघायची की मी तिथं कुरडया वाळवून घेतल्यात. आमचे मालक खालनं ओरडायचे, "मॅडम, वर गिरन टाकली काय?" त्या वरनं म्हणायच्या, "दळण आणा न भाऊ, दळून देते!"

त्या वर्षी पौषात मॅडमनी नवा कंपायलर आणला आणि इंटरनेट बघायचा ब्राउझर त्यानं नव्यानं बांधला. तिथंच घोटाळा झाला. ऑफिसची साइट उघडायला ऑफिसनं एक प्लगिन दिलं होतं, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा तुकडा. तो जोडला रे जोडला की ब्राउझर धाडकन बंद पडायचा.

"प्लगिन जुन्या कंपायलरनं बांधलेलं आणि ब्राउझर नव्यानं," त्या मला सांगत होत्या. "दोघंही चांगले, पण एकमेकाला ओळखूनच नाही राहिले."

"मग तुमचा बी जुन्यानंच बांधा की."

"काऊन? मी काऊन मागं जाऊ? ऑफिसनं सुधारावं!" आणि एक-दोन बारीक बदल करून त्यांनी हट्टानं नव्याच कंपायलरवर ब्राउझर पुन्हा बांधायला टाकला.

त्याच दिवशी सकाळी माझी शेळी व्याली. ती माझी स्वतःची, ताम्हिणीहून आईनं दिलेली. जुळं झालं. थोरलं करडू लगेच प्यायला लागलं, धाकटी मात्र ओंजळीत मावेल एवढी, गार पडलेली. मला सोसायटीत स्वयंपाकाला जायचं, मालकांना मजुरीला, आणि गवताशेजारी शेगडी पेटती ठेवून जायची भीती. मी उंबऱ्यातच घुटमळत होते. मॅडमनी काही न विचारता करडू उचललं, वर नेलं आणि घरघरणाऱ्या मशीनच्या मागं पोत्यावर निजवलं. मग बाटलीनं गाईचं दूध पाजायचं, आणि प्रत्येक घोटाची वेळ भिंतीवर लिहायची. संध्याकाळी मी आले की खबर मिळायची, "मावशी, दोन वाजता उभी राहिली. चार सेकंद!"

तिसऱ्या दिवशी बांधणी संपली. प्लगिन जोडलं, ब्राउझर पुन्हा बंद. इकडं करडाला बाटलीचं दूध सोसेना, हगवण लागली. आता आईला लुचलं तरच ते वाचणार होतं. आम्ही त्याला खाली नेलं. शेळीनं हुंगलं, आणि दिली एक धडक. त्याच्या अंगाला मशीनच्या धुळीचा आणि मॅडम कपड्यांत ठेवायच्या त्या कापराचा वास. पुन्हा पुढं केलं, पुन्हा धडक.

मॅडम शेळीपुढं उकिडव्या बसल्या. शेळीलाच म्हणाल्या, "आई आहेस न तू? ओळखून काऊन नाही राहिली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, शेळीला शहानं करत बसलो तर करडू जाईल. आपल्या हातात करडू हाय. त्यालाच तिचा वास लावायचा." तिचीच धार काढून मी करडाच्या पाठीला चोळली, वर मीठ लावलं आणि शेळीची मान धरली. तिनं हुंगलं. मीठ चाटलं. पुन्हा चाटलं. मग पोटातून बारीक हुंकार दिला. करडू धडपडत खाली शिरलं, आणि थोड्या वेळानं त्याची शेपटी हलायला लागली.

मॅडम तिथंच गवतावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी ऑफिसच्या शेळीला शहाणं करत बसले होते न मावशी." वर गेल्या आणि जुना कंपायलर लावला. दोन दिवस घरघर. तिसऱ्या सकाळी अनवाणीच जिना उतरल्या, "ओळखलं! ओळखलं!"

"कुनी?" मालकांनी विचारलं.

"ऑफिसच्या शेळीनं!"

पुढं मॅडमची बदली नागपूरला झाली. त्यांचं डिपॉझिट गोठ्याच्या पत्र्याला गेलेलं. म्हणाल्या, "राहू द्या, लाइट बिलात गेलं समजा." मी ऐकलं नाही. त्याच करडाची मोठी शेळी झाली. तिचे बोकड विकून मी थोडे थोडे पैसे पाठवत राहिले. फोनवर मला बोलायला सुचत नाही, पण हप्ता पाठवला की "मिळाले का?" एवढं तरी विचारता यायचं. खरं सांगायचं तर दोन हप्त्यांचे मी चार केले.

गेल्या आठवड्यात शेवटचे दोन हजार पाठवले. मॅडम म्हणाल्या, "सगळे फिटले मावशी. आता फोन कशापायी कराल?"

मी गोठ्यातल्या शेळीकडं बघितलं. मग म्हटलं, "ती पुन्यांदा गाभन हाय. व्याली की कळवते."