सोल्यूशन सुकेपर्यंत

बूटवाली कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून वाघ. नाक्यावरच्या तिच्या चिंचोळ्या दुकानात शिवणाचं यंत्र, लोखंडी ऐरण, दुरुस्तीला आलेल्या जोड्यांचा ढीग आणि एक ठेंगणं स्टूल. मागच्या खोलीत संसार. नवरा ट्रकवर, आठवड्यातून एकदा उगवायचा. गल्ल्यावर सासूबाई. आणि सगळ्यांच्या पायांत घुटमळणारी साडेचार वर्षांची मुंगी. एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून आजीनेच ठेवलेलं हे नाव.

ही मुंगी अजून अंगावर पीत होती. त्याची वेळ ठरलेली होती, आणि ती धंद्याने ठरवलेली. जोड्याचा तळवा चिकटवायचा तर दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून तो बाजूला ठेवावा लागतो. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचा. घाई केली तर आठ दिवसांत जोडा तोंड वासतो. तेवढा वेळ बूटवालीचे हात रिकामे. ब्रश डब्यात पडला की मुंगी मांडीवर आलीच समजा. पोरीला घड्याळ कळत नव्हतं, पण सोल्यूशन बरोबर कळायचं.

आता लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? गिऱ्हाइकं म्हणायची, "एवढी घोडी झाली, लाज कशी वाटत नाही?" शेजारचा औषधवाला तर न विचारताच सांगायचा, "आता त्यात काही दम नसतो हो. नुसतं पाणी."

ओठांतला खिळा काढून बूटवाली म्हणायची, "मग तुमचं काय सांडतंय?"

परक्यांना असं उडवून लावता येतं. सासूबाईंना कसं उडवणार? "पुढच्या महिन्यात शाळा," त्या म्हणाल्या. "पोरं हिला चिडवतील आणि शेण आपल्या तोंडात. बंद कर, नाहीतर मी धाकट्याकडे चालले." म्हातारी बोलली की करणारी. ती गेली तर गल्ला कोण सांभाळणार, पोरीला शाळेतून कोण आणणार? आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय घर खायला उठलं असतं. दोघी दिवसभर भांडायच्या, पण एकीवाचून दुसरीला घास उतरायचा नाही.

बूटवालीचं म्हणणं साधं होतं. पोरीने सोडायचं ते तिच्या मनाने सोडावं, लाजून नाही. पण म्हातारी जाईल या धास्तीने तिने पळवाट काढली. सोल्यूशनचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि येईल तो जोडा शिवायला घेतला. शिवताना मध्ये थांबावं लागत नाही, म्हणजे मांडीही रिकामी होत नाही.

मुंगी समोर बसून वाट बघायची. "आज सोल्यूशन नाही?"

"संपलंय." धडधडीत खोटं.

तिसऱ्या दिवशी पोरीने विचारणंही सोडलं. नुसती बघत बसली. बूटवालीला स्वतःचाच असा राग आला की सुई बोटात घुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "आई, माझ्याच्याने नाही होत. तिचं ती सोडेल."

सासूबाई तडक आत गेल्या. पिशवी भरली, दारात आल्या, चपलेत पाय घातला आणि उचलला. वरचे पट्टे पायाबरोबर आले, तळवा जमिनीवरच राहिला.

"हे तुझं काम!" म्हातारी कडाडली. "मागच्याच महिन्यात चिकटवलीस ना ही?"

बूटवालीने चप्पल उलटीपालटी करून पाहिली. तिचं काम असं सुटणं शक्यच नव्हतं. कडेला पेचकसाचे ओरखडे होते. ती काही म्हणायच्या आत मुंगी पुढे आली.

"मी काढलं. आई, आता शिवू नकोस हां. सोल्यूशन लाव."

धपाटा घालावा की पोटाशी धरावं, बूटवालीला कळेना. हसू आधी फुटलं ते सासूबाईंना. "अगं कार्टे! आजीचीच चप्पल सापडली तुला?"

"आजी ओरडते, पण मारत नाही."

बूटवालीने डबा खाली काढला. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावलं, चप्पल बाजूला ठेवली आणि पोरीला मांडीवर घेतलं. सासूबाई अनवाणी जाणार कुठे? पिशवी धरून समोर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून.

तशाच म्हणाल्या, "मी माझ्या दोघांनाही वर्षाच्या आत अंगावरून तोडलं. माझ्या सासूने फर्मावलं म्हणून. रडायचे तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडून बसायचे. ऐकवत नव्हतं."

"मग?"

"मग काय, राहिले रडायचे. माझंच थांबायला वेळ लागला."

बूटवालीने चप्पल दाबून, ठोकून पुढे सरकवली. सासूबाईंनी ती घातली आणि गल्ल्यावर जाऊन बसल्या. त्यानंतर औषधवाल्याने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा उत्तर गल्ल्यावरून गेलं, "पोर आमची, पोटात तुमच्या का दुखतंय?"

शाळा सुरू झाली. मुंगी जायची, यायची, आली की मांडीवर यायची. मग कधी यायची, कधी विसरायची.

एके दुपारी एक गिऱ्हाईक एका पायावर उभं होतं. बूटवालीने त्याच्या जोड्याला सोल्यूशन लावलं, तो बाजूला ठेवला, मांडी मोकळी केली. मुंगी आजीला शाळेतल्या भांडणाची गोष्ट हातवारे करून सांगत होती. बूटवाली थांबली. गोष्ट काही संपेना. शेवटी मुंगीच आली आणि जोड्याला बोट लावून पाहिलं.

"आई, सुकलं की! चिकटव ना लवकर. काका कधीचे खोळंबलेत."

हेच हवं होतं ना तिला? हवंच होतं. तरी तळव्यावर हातोडी जरा जोरातच बसली.