दहापैकी दोन

माझ्या आईचं कंबरेचं दुखणं एका वहीनं किरकोळ ठरवलं, आणि त्या वहीत काय लिहायचं ते मी माझ्या हातानं लिहून दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे डॉक्टरांवर तोंडसुख घेताना मी फारच साळसूद वाटायची.

आई प्राथमिक शिक्षिका होती. शाळा हातखंब्याच्या पुढे, हायवे सोडून आत, एका वाडीत. रत्नागिरीहून एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी चढायची, चांगली वीस मिनिटांची. कंबरेत उठलेली कळ डाव्या टाचेपर्यंत जायची तिच्या. सहा वर्षं ती तशीच चढत होती, उतरत होती. शहराजवळ, अगदी रस्त्याला लागून असलेल्या एका शाळेतली जागा त्या उन्हाळ्यात रिकामी होणार होती. बदलीच्या अर्जाला तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र जोडायचं होतं. पत्र मिळालं की पाखाडी सुटली, इतकं सरळ होतं ते.

हाडांचे डॉक्टर घाटावरून यायचे, पंधरा दिवसांतून एका शनिवारी. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, आत एकेकाला पाच मिनिटं. आईचा एक्स-रे त्यांनी खिडकीकडे धरून पाहिला, गोळ्या लिहिल्या आणि मग पॅडचा एक कागद टर्रकन फाडून त्यावर एका वेबसाइटचा पत्ता लिहून माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "जुनाट दुखण्याचं सगळं इथं आहे. व्यायाम, झोप, सगळं. दुखण्याची डायरी ठेवायला सांगितलीय, ती सहा आठवडे ठेवा. ती बघून पत्र देतो. तुम्ही शिकलेल्या दिसता, काढून द्या आईंना."

आणि मी फुलले. खोटं कशाला सांगू? नुकता कॉम्प्युटरचा कोर्स झाला होता, आमच्या आळीत इंटरनेट येणारी मी एकटी. डॉक्टरांनी आईला विचारायला हवं होतं असं बरंच काही राहिलं होतं, पण माझं लक्ष त्या कागदाकडे.

एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या खुराड्यात बसून मी ती वेबसाइट उघडली. सगळी इंग्रजीत. वर हिरवळीवरून हातात हात घालून चाललेलं एक पांढऱ्या केसांचं गोरं जोडपं, खाली उपदेश. गरम पाण्याच्या टबमध्ये वीस मिनिटं पडून राहा. पोहायला जा. कामाच्या ठिकाणी पाठीला आधार देणारी खुर्ची मागून घ्या. डोंबल! दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, आणि आहे त्या एका खुर्चीवर पोषण आहाराचं तांदळाचं पोतं. मी एकेक वाक्य गाळत गेले. आईला कशाला त्रास, आपणच निवडून सोप्या मराठीत लिहून देऊ, असा माझा थाट.

डायरीच्या पानावर शून्य ते दहा आकडे होते आणि त्यांच्यावर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांची रांग. प्रिंट काढली तर चेहऱ्यांचे नुसते काळे गोळे आले. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. ते मला इतकं उघड वाटलं की मी लिहिलंच नाही. मी लिहिलं, "रोज संध्याकाळी कंबर कशी होती, ते दहापैकी."

आईनं लांब वही घेतली, लाल शाईनं समास आखला, रकाने पाडले. तारीख, वार, दहापैकी, शेरा. रोज शाळेतून आली की चहाच्या आधी वही. सहा आठवड्यांत एक दिवस चुकला नाही. मी ती वही एकदाही उघडून पाहिली नाही. आईची वही, आपण कशाला बघायची, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे माझं काम झालं होतं.

शनिवारी शाळा सकाळची. आई परस्पर दवाखान्यात गेली, मी नोकरीवर होते. संध्याकाळी बंद पाकीट घेऊन घरी आली ती खुशीत. "वहीचं कौतुक केलं गो त्यांनी," म्हणाली. "अक्षर बघून म्हणाले, छान, फार छान."

मी पाकीट उघडलं. पत्र इंग्रजीत होतं. रुग्णाच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे वेदना सौम्य, बहुतेक दिवस दोन किंवा तीन, पाचाच्या वर कधीच नाही, एके दिवशी तर शून्य. रोजचे चालणे हितकारक आहे, चालू ठेवावे.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं झालं. वही घेतली. सोमवारी दोन. मंगळवारी दोन. रविवारी चार. आणि ज्या दिवशी शून्य होतं त्या दिवसाचा शेरा होता, "पाखाडीत बसावे लागले. वाडीतल्या बायकांनी धरून फाट्यावर आणले." मराठीत, ठळक, मोत्यासारख्या अक्षरात. डॉक्टरांनी आकडे वाचले, शेरा वाचलाच नाही. त्या माणसाला मराठी येत नव्हतं असंही नाही.

"आई, दोन म्हणजे काय?" मी विचारलं.

"दोन म्हणजे नापास. दुसरं काय?" ती म्हणाली. तीस वर्षं पोरांना मार्क देणाऱ्या बाईला दहापैकी दोनाचा आणखी काय अर्थ ठाऊक असणार? कंबर वाईट, मार्क कमी. कंबरेनं अगदीच दगा दिला, भोपळा.

मी तिला पत्राचा अर्थ सांगितला. मग मी म्हटलं, पुढच्या खेपेला आपण दोघी जाऊ, वही घेऊन जाऊ, आकडे उलटे आहेत असं शेजारी लिहून टाक. तिनं वही माझ्या हातातून काढून घेतली. "दिलेले मार्क मी कधी बदलले नाहीत. पालक दारात येऊन रडले तरी नाहीत. आता स्वतःसाठी खाडाखोड करू होय?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पाय गेला तरी चालेल, पण लाल शाईचा मान राहिला पाहिजे! मी वाटेल तसं बोलले तिला.

शेवटी पंधरा दिवसांनी मी एकटीच गेले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, मला वाटतं तेवढ्या गर्दीत जितकं शांत राहता येईल तितकं. मग म्हणाले, "वेबसाइटवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचलं तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. "मग? मी वहीवर विश्वास ठेवून पत्र दिलं. आता उलटं वाचा म्हणालात तर बदलीसाठी करताय असंच कुणीही म्हणेल. नवी वही ठेवा, सहा आठवडे." तोपर्यंत अर्जाची मुदत संपणार होती. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही त्यांना नुसतं विचारलं असतंत, बाई, दुखतं का?" त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

रस्त्यालगतची ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आई आणखी तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, पाखाडी चढली. त्या डॉक्टरांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

पण डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आई मागच्या पडवीत बसून कोळंबी सोलत होती. मी चरफडत तिला सगळं सांगितलं. त्या माणसाला मी कसं सुनावलं, माझ्या आईला किती दुखतं हे तुम्हाला काय ठाऊक, असं कसं तोंडावर म्हटलं. तिनं हात थांबवला नाही.

"तुला कधी कळलं गो, मला किती दुखतं ते?" तिनं विचारलं.

"वही वाचली तेव्हा," मी म्हटलं. पटकन निघून गेलं तोंडातून.

ती रागावली नाही. टोमणाही मारला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मान खाली घालून सोलत राहिली, म्हणाली, "तेच म्हणते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत निघाली. आमच्या अंगणाला रस्त्यावर उतरायला सात पायऱ्या आहेत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. सातांत ती तीनदा थांबली. सहा वर्षं ती रोज याच वेळेला निघत होती, आणि मी रोज घरातच असायचे.