गाजरगवतावरचं मीठ

आमच्या परसात गाजरगवत असं माजलं होतं, की बैल आत शिरला तर थेट पोळ्यालाच बाहेर निघायचा. पण हसायची सोय नव्हती. त्याच्या पांढऱ्या फुलांनी मायचा दमा उठायचा. ती श्वास ओढू लागली की पार पलीकडच्या कुरुंदा गावातली कुत्री उठून बसायची. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी ते गवत घालवा.

शेतातलं तणनाशक परसात मारता येत नव्हतं. प्यायच्या पाण्याचा बोअर तिथंच. मग बाबांनी मोबाइलवर कुणाला तरी मिठाचं उकळतं पाणी गवतावर ओतताना पाहिलं. त्या माणसानं ओतलं तांब्याभर. बाबांनी हळद शिजवायची कढई चढवली आणि तीत पोतंभर जाडं मीठ ओतलं.

माय दारातून म्हणाली, "मीठ मातीत सांडू नका. मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं."

"वेचीन की. तिथं मला दुसरं काम काय?"

गवत जळालं, माती पांढरी पडली. वर्षानुवर्षं भिंतीला टेकून झोपणारी माय त्या उन्हाळ्यात आडवी झोपली.

थंडीत बाबा गेले. जेवून कलंडले, ते उठलेच नाहीत.

तेरावा झाला आणि माय खुरपं घेऊन परसात बसली. पांढरी माती खरडायची, घमेल्यात भरायची, ओढ्यात टाकून यायची.

"माय, काहून खरडून राहिली? गवत पुन्हा येईल."

"येऊ दे. तुह्या बापाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा ऑपरेशनचा. त्या डोळ्यांनी एवढं मीठ कवा वेचून व्हायचं?"

"मग मी खरडतो."

"तू अर्धं तसंच ठेवशील. मला म्हाईत न्हाई व्हय तू?"

पावसाळ्यात गवत आलं, तेही तिनं खरडलं होतं बराबर तिथंच. तोंडात मारायचा पंप पुरेना. ओठ निळे पडू लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असा श्वास अडकला तर इथवर आणायला वेळ पुरणार नाही. उपटायला जावं तर फुलांची भुकटी उडायची आणि माय आत घुसमटायची. नुसतं उकळतं पाणी ओतून पाहिलं. पानं करपली, आठवड्यात बुडातून नवी फुटली.

मग मीही कढई चढवली. माय चौकट धरून बाहेर आली.

"मीठ न्हाई ना त्यात?"

"न्हाई."

"पिऊन दाखव."

गिलासभर काढून निववलं आणि प्यालो. अरबी समुद्र नरड्यातून उतरला म्हणा ना. घसा सोलला, आतड्यांना गाठी बसल्या, पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. नुसतं डोळ्यांत पाणी आलं, त्याला माझा इलाज नव्हता.

तिनं त्या डोळ्यांकडं बराच वेळ पाहिलं. मग नाकाला पदर लावला.

"ओत," म्हणाली, "पण माझ्यासमोर नको."

आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.