टोपल्या डोंगराखालचा धूर

आमच्या घरी काळी मांजर आडवी गेली तर आई तिला थांबवून दूध देते. अशा घरात मी वाढले. त्यामुळे भूतखेत, भास, संकेत यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. या सदरातले अनुभवसुद्धा आम्ही रूमवरच्या मैत्रिणी मोठ्याने वाचून खिदळायचो, हे आधीच सांगून टाकते... आता माझा अनुभव वाचून कोणी खिदळलं तर माझी हरकत नाही. पण जे झालं ते झालं, आणि चार जण त्याला साक्षी आहेत. चाचांना धरलं तर पाच.

मी मूळची अकोल्याची. बीएस्सीसाठी अमरावतीत राजापेठेत रूम करून राहते. खालच्या गल्लीत सानिया राहते, माझी वर्गमैत्रीण. तिच्या वडिलांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. त्यांना मी चाचा म्हणते. माणूस प्रेमळ, पण पोरीच्या बाबतीत फार धास्तावलेला. सानियाला उत्तराखंडात होणाऱ्या गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जायचं होतं. महिनाभर बर्फात, अनोळखी मुलींबरोबर! चाचांनी आधी सरळ नाही म्हटलं. मग तिने तीन-चार दिवस न जेवता नाही, उलट भरपूर जेवून पण न बोलता काढले, तेव्हा ते थोडे नरमले.

“पैले इथला एक डोंगर चढून दाखव,” ते म्हणाले. “मी खाली फाट्यावर गाडी घेऊन येतो. मगरिबच्या आत खाली पाहिजे. आली, त कोर्सचं बोलू. नाय आली, त विषय खतम.”

म्हणजे सूर्य बुडायच्या आत खाली. इतकी साधी अट होती.

डोंगर ठरवला तुषारने. तो आमच्या वर्गातला, सह्याद्रीत दोन ट्रेक केलेला, म्हणून आमचा लीडर. परतवाडा सोडलं की घाट लागायच्या अलीकडे डावीकडे एक फाटा फुटतो. तिथून शेतांमधून चालत गेलं की एकटा उभा डोंगर दिसतो. पालथ्या टोपल्यासारखा, म्हणून गावातले लोक त्याला टोपल्या म्हणतात. वर महादेवाचं उघडं ठाणं आहे. श्रावणात गावकरी तिथेच स्वयंपाक करतात. चढ मात्र शेवटी शेवटी अगदी छातीवर येतो, आणि खाली सगळा घसरणीचा मुरूम.

चौथा गडी वैभव. हा धामणगाव रेल्वेचा, धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, आणि खाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारा. पहाटे बसस्टँडवर तो आला तो खांद्यावर अख्खं पोतं घेऊन.

“काय हाय बे यात?” तुषारने विचारलं.

“गोवऱ्या.”

“गोवऱ्या??”

“मंग रोडगे काय गॅसवर करतं का? डोंगरावर जाऊन राहिलो अन् बिस्किटं खायाची? लोकं काय म्हणतीन?”

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात, राखेत भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. ते रोडगे. त्यांच्याशिवाय आमच्याकडे बाहेरचं जेवण जेवण वाटत नाही. तर आमच्या या वीराने पाण्याच्या दोन बाटल्या कमी केल्या होत्या, पण गोवऱ्या, वांगी, तूप आणि एक पातेलं आणलं होतं. तुषार कपाळाला हात लावून बसला. सानिया मात्र हसत सुटली आणि तिने पातेलं आपल्या बॅगेत घातलं.

चढताना आमची जी काय अवस्था झाली ती विचारू नका. अर्ध्या वाटेत पोतं आळीपाळीने घ्यायचं ठरलं, आणि माझी पाळी नेमकी उभ्या चढावर आली. मी वैभवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो मागून “हळू हळू, गोवरी मोडन!” म्हणत होता. पण वर पोचलो आणि सगळं विसरलो. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन, खाली काळी वावरं, मधूनच संत्र्याच्या बागांचे हिरवे चौकोन, आणि मागे सातपुड्याच्या रांगा. मी इतकी खूश क्वचितच असते. ठाण्याजवळ चुलीचे काळे पडलेले दगड होते. तिथेच विस्तव केला.

रोडग्यांना घाई चालत नाही. तुषार घड्याळ दाखवत होता आणि वैभव “अजून कच्चे हायेत” म्हणत होता. शेवटी पहिला रोडगा निघाला तेव्हा वैभव म्हणाला, “पैला जागेचा. आमच्या घरी आपण खायच्या आधी जागेले देतात.” त्याचे हात राखेने माखले होते, म्हणून तो रोडगा सानियाने फोडला, त्यावर तूप-गूळ घातला आणि बाजूच्या खडकावर नेऊन ठेवला. मग आम्ही तुटून पडलो. देवा शप्पथ, असे रोडगे मी पुन्हा खाल्ले नाहीत. जेवल्यावर तुषारने विस्तवावर उरलेलं पाणी ओतलं, राख पायाने दाबली, हात घालून थंड झाल्याची खात्री केली. हे मुद्दाम लिहिते आहे.

निघायला उशीर झाला होता, पण अगदी वेळ हातची गेलेली नव्हती. मुरमाच्या उतारावर मात्र वैभवचा पाय सटकला आणि घोटा मुरगळला. बघता बघता सुजून टम्म. आता सानिया सगळ्यांच्या मागे, वैभवला खांदा देऊन, त्याची बॅग आपल्या पोटावर अडकवून. पुढे तुषार मोबाईलवरचा नकाशा बघत, मध्ये मी. रेंज नव्हतीच. नकाशा दाखवत होता तिथे वाट नव्हती, आणि वाट होती ती नकाशात नव्हती. एका सोंडेवरून उतरलो तर पुढे सरळ कडा. परत वर चढलो. दुसऱ्या बाजूला नुसती घाणेरीची झुडपं. समोर सूर्य लाल होऊन रांगेला टेकला आणि आमच्या डोळ्यांदेखत बुडाला.

सानियाने तिकडे पाहिलं. वैभवचा हात पुन्हा खांद्यावर घेतला. तिचा कोर्स गेला होता, आणि तिलाही ते कळलं होतं.

त्यानंतर वैभव खाली बसला. “तुमी जा. मी इथंच बसतो. गावातून कोणाले तरी पाठवा.” तुषारच्या डोळ्यांत पाणी. आमचा लीडर नुसता मोबाईल उलटासुलटा करत होता.

सानिया वैभवसमोर उभी राहिली. “उठ. तुले सोडून खाली गेली त अब्बूले काय सांगू? रोडगे खाल्ले अन् माणूस टाकून आली?”

वैभव रडता रडता हसला आणि उठला. सानियाचं हे वाक्य लक्षात ठेवा.

दोन पावलं गेलो असू, आणि सानिया थांबली. “धूर येऊन राहिला.”

खरंच येत होता. गोवऱ्यांचा. जंगलातल्या लाकडाचा नाही. आणि त्यात कणीक भाजल्याचा वास. तुषार म्हणाला आपलाच विस्तव पेटला असणार. पण आमचं ठाणं वर, पाठीमागे होतं आणि वास खालून, डावीकडच्या घळीतून येत होता. तिथे वाट असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. झुडपं बाजूला केली तर गुरांची पायवाट, चांगली मळलेली. आम्ही उतरू लागलो. जिथे दोन वाटा फुटायच्या तिथे वास नाहीसा व्हायचा. आम्ही उभे राहायचो. मग एका बाजूने पुन्हा यायचा. आम्ही तिकडे वळायचो. हसू नका, पण मला भीती अजिबात वाटली नाही. आजोळी गेल्यावर स्वयंपाकघरातून वास येतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात, तसं काहीसं. वैभवसुद्धा “भाजले वाटते नीट” असं पुटपुटत होता.

वाट थेट फाट्यावर उतरली. तोवर चांगला अंधार पडला होता. चाचांची ओम्नी उभी होती. आम्ही बॅटरी मारत जवळ गेलो तशी सानियाने माझा हात घट्ट धरला. आता ओरडा बसणार, सगळ्यांसमोर बसणार, आणि मग तो कोर्स कायमचा...

चाचा पुढे आले आणि आमच्याकडे एकेक करून पाहत म्हणाले, “वैभव कोनता? ये बेटा, मांगची सीट आडवी केली तुह्यासाठी. पाय लांब कर.”

चाचा वैभवला ओळखत नव्हते. कधी भेटलेच नव्हते. त्याचा पाय अजून गाडीच्या आड होता.

“चाचा, तुमाले कसं कळलं?” मी विचारलं.

“तो बाबा बोलला ना.”

“कोन बाबा?”

मग त्यांनी सांगितलं. ते लवकरच येऊन थांबले होते. आम्ही दिसेना, फोन लागेना, तसा त्यांचा पारा चढत गेला. येरझाऱ्या घालत त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की कोर्स तर नाहीच, कॉलेजच्या सहलीसुद्धा बंद. तेवढ्यात शेताकडून एक म्हातारा आला. अंगात बंडी, खांद्यावर घोंगडं. रस्त्याच्या कडेला त्याने गोवऱ्यांची शेकोटी केली आणि म्हणाला, “उभे कायले? बसा. येऊन राहिले पोट्टे.” चाचांना वाटलं, वर गुरं चारून उतरला असेल, वाटेत आम्ही दिसलो असू. त्याने सांगितलं, एकाचा पाय मुरगळला आहे, वैभव नाव त्याचं, म्हणून हळू येत आहेत. आणि मग म्हणाला, “तुमची पोरगी साऱ्याइच्या मांगं हाय. कोनाले मांगं राहू देत नाय.”

चाचा सानियाकडे पाहून म्हणाले, “वो बाबा बोला... तू वैभव को ऐसा बोली क्या बेटा, रोडगे खाल्ले अन् माणूस टाकून आली, असं अब्बूले सांगू का?”

वैभवने गाडीचा दरवाजा धरला.

तुषारने तर्क लढवला. झुडपात कोणीतरी असेल, त्याने ऐकलं असेल, आणि जवळच्या वाटेने आमच्या आधी उतरला असेल. मलाही क्षणभर पटलं. पण चाचांनी मान हलवली. म्हणाले, तो हे बोलला तेव्हा डोंगरावर ऊन होतं. त्यानंतर सूर्य बुडाला, चाचा उठले, बाजूला नमाज पढले, तोवर तो शेकोटी सांभाळत बसला होता. आमची बॅटरी दिसली म्हणून ते उभे राहिले, वळून पाहिलं तर म्हातारा नव्हता.

आणि सानिया ते वाक्य बोलली होती सूर्य बुडाल्यावर. आम्ही चौघांनी सूर्य बुडताना पाहिला होता. त्यात चूक होणं शक्य नाही.

“शेकोटी कुठं होती?” तुषारने विचारलं. चाचांनी बोट दाखवलं. आम्ही बॅटऱ्या मारल्या. वाळलेलं गवत, तेही उभं. राख नाही, जळका डाग नाही. मी हात लावून पाहिला, जमीन गार होती. चाचांच्या सदऱ्याला मात्र गोवऱ्यांच्या धुराचा वास येत होता. गाडीत बसल्यावर सगळ्यांना आला. दुसऱ्या दिवशी सदरा धुताना चाचींनी विचारलंच, चूल्हे के पास बैठे थे क्या.

परतीच्या वाटेवर वैभव मागे झोपून गेला. परतवाडा मागे पडलं तेव्हा सानिया हळूच म्हणाली, “अब्बू, देर हो गई.”

“हाँ, हुई,” चाचा म्हणाले. गिअर बदलला. मग म्हणाले, “कब से है तेरा वो कोर्स?”

सानियाने तोंड फिरवून खिडकीकडे केलं. ती रडते आहे हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. मलाही रडू आलं, आणि इतका आनंद झाला की काय सांगू.

नंतर वैभवचा पाय बरा झाल्यावर आम्ही फाट्याजवळच्या गावात जाऊन चौकशी केली. तसा म्हातारा कोणाला माहीत नाही. त्या दिवशी त्या बाजूला गुरं नेली नव्हती म्हणे. वैभवचं मत ठाम आहे, जागेला पहिला रोडगा दिला त्याचं हे. तुषारचं मत दर आठवड्याला बदलतं. मला विचाराल तर मत नाही. मी अजूनही भूतखेत मानत नाही, पण या सदरातले अनुभव वाचून आता खिदळतही नाही.

सानिया कोर्सला जाऊन आली. राजापेठेत दुकानावर येणारे लोक अजून चाचांना विचारतात, एवढी जवान पोरगी एकटी बर्फात पाठवली, भीती नाही वाटली? चाचा सुईत दोरा ओवत सांगतात, “कायची भीती? भरवशाच्या माणसानं सांगितलं होतं मले, पोरगी कशी हाय ते.”

कोण माणूस, असं कोणी विचारलं की ते म्हणतात, “नाव इचारायचं राहून गेलं.”